दोन नावांची मंडळी

“रविवार सोडून तुम्ही करत तरी काय होता?” हा प्रश्न मला मुलाच्या आर. के. पुरममधल्या क्वार्टरमध्ये राहायला आल्यापासून इतक्या मराठी शेजाऱ्यांनी विचारलाय, की उत्तर आता तोंडपाठ झालंय. सोमवारी रविवारचा थकवा काढायचो आणि मंगळवारपासून पुढच्या रविवारची काळजी करायचो, असं मी सांगतो. लोक हसतात, चहा येतो, विषय संपतो. अंकाच्या संपादकांनी मात्र विषय संपू दिला नाही. “पाळकाचा लेख आपल्या दिवाळी अंकात आजवर आलेला नाही, लिहाच. फक्त उपदेश नको,” म्हणाले. उपदेश वजा केला तर माझ्याकडे उरतं थोडंच, आणि जे उरतं त्यात मला फारसं मिरवता येण्यासारखं नाही. तरी लिहितो.

आम्ही मूळचे नगर जिल्ह्यातले. आजोबा गावकुसाबाहेरचे. ते ख्रिस्ती झाले, वडील शिकून दिल्लीला केंद्र सरकारात कारकून झाले आणि मी सरकारी वसाहतीत, हिंदी शाळेत वाढलो. त्यामुळे धर्मशिक्षण संपवून मेथॉडिस्ट पाळक झालो तेव्हा माझी नेमणूक हिंदी मंडळ्यांमध्ये झाली. मंडळी म्हणजे एका चर्चमध्ये जमणारा समुदाय. घरात मराठी आणि व्यासपीठावर हिंदी, असा माझा जन्म गेला.

आमच्या पंथात पाळकाला आपलं चर्च निवडता येत नाही, आणि चर्चलाही पाळक निवडता येत नाही. वर्षातून एकदा सगळे पाळक एका ठिकाणी जमतात, शेवटच्या दिवशी बिशप उठून यादी वाचतात आणि आपण कुठे जायचं ते आपल्याला चारचौघांबरोबरच कळतं. कॅन्टोन्मेंटमधल्या आपल्या मराठी जवानांना हे वेगळं समजावून सांगायला नको. माझी बायको सुशीला त्या आठवड्यात घरातली भांडी अर्धी बांधून ठेवायची. पुरती बांधली तर अपशकुन आणि न बांधली तर धावपळ, असं तिचं म्हणणं.

अशाच एका यादीत मला दिल्लीच्या हद्दीबाहेरचा तो कसबा मिळाला. त्याचं नाव लिहीत नाही, कारण या गोष्टीतली काही माणसं अजून तिथे राहतात. गेलो तेव्हा स्टेशनपासून चर्चपर्यंत दोन्ही बाजूंना ऊस होता. लाल विटांचं बुटकं चर्च, मागे पाळकाचं घर, त्याच्या मागे कबरस्तान आणि कंपाउंडच्या भिंतीला लागून नगरपालिकेच्या सफाई कामगारांची वस्ती. आमची मंडळी म्हणजे ती वस्तीच. त्यांचे पणजोबा कधीतरी गावंच्या गावं ख्रिस्ती होत होती त्या काळात ख्रिस्ती झालेले. झाडू मात्र हातातून सुटला नव्हता.

पाळकाच्या कामाचा जो भाग बाहेरच्यांना दिसत नाही तो नोंदवह्यांचा. बाप्तिस्म्याची वही, लग्नाची वही, दफनाची वही आणि सभासदांची वही. माणूस जन्मला, लग्न लागलं, गेला, सगळं पाळकाच्या अक्षरात. मी त्या वह्या पहिल्याच आठवड्यात चाळायला घेतल्या आणि बुचकळ्यात पडलो. वहीत होते याकूब, मार्था, दाऊद, शांती. वस्तीत हाका ऐकू यायच्या जगदीश, कमलेश, सुभाष, राजवती. मी विचारलं तेव्हा मंडळीचे ज्येष्ठ सेवक याकूब चाचांनी आधी दार लोटून घेतलं. मग म्हणाले, “पादरी साहब, गेट के अंदर एक नाम है, गेट के बाहर दूसरा. आप अंदर वाला याद रखिए, बस.”

कारण आपल्याला माहीत असेलच. अनुसूचित जातीच्या सवलती हिंदूंना आहेत, शिखांना आहेत, बौद्धांनाही आहेत. ख्रिस्ती झालात की कायद्याच्या लेखी तुमची जात जाते आणि सवलतही जाते. वस्तीला जात गेल्याचं कुणी कळवलेलं नव्हतं. चहावाला त्यांना वेगळाच पेला द्यायचा. मग शाळेत नाव घालताना आईबाप कमलेश लिहायचे (तिकडे हे मुलींचंही नाव असतं), जातीचा दाखला काढायचे आणि रविवारी तीच मुलगी मार्था म्हणून गायला उभी राहायची. हे खोटं आहे, असं मला आधी वाटलं. माझ्या वडिलांनी फॉर्मवर धर्म ख्रिस्ती लिहिला आणि जन्मभर कारकूनच राहिले, त्याचा घरात फार अभिमान होता. सुशीलाला मी हे बोलून दाखवलं तर ती म्हणाली, “तुमच्या वडिलांच्या हातात झाडू नव्हता.” त्यानंतर मी वस्तीत कुणाला त्यावरून काही बोललो नाही. उलट हळूहळू मला प्रत्येकाची दोन्ही नावं पाठ झाली. पोस्टमन अडला की मला विचारायचा. या गोष्टीचा मला पुढे गर्व झाला, आणि तोच नडला.

याकूब चाचा नगरपालिकेतून निवृत्त झालेले. सहा फूट उंच, आवाज दांडगा, वाचता जेमतेम यायचं. प्रार्थना मात्र अशी करायचे की मीच डोळे उघडून बघायचो. मार्था त्यांची मुलगी, दोन मुलांच्या पाठची. ढोलक तिच्याइतकं स्वच्छ वाजवताना मी कुणाला ऐकलेलं नाही. बायकांची गायनमंडळी तीच चालवायची. सुशीलाने तिला दहावीपासून शिकवलं, पोरगी बी.ए. झाली, शिक्षिकेचा कोर्स केला आणि राखीव जागेवर सरकारी प्राथमिक शाळेत लागली. वस्तीतून खुर्चीवर बसायच्या नोकरीत गेलेली ती पहिली. त्या रविवारी चाचांनी पेढे वाटले आणि आभाराच्या प्रार्थनेत तिचं नाव घेतलं, मार्था. नोकरी कमलेशला लागली होती.

त्याच सुमारास ऊस गेला. आधी शेतांत दोऱ्या ताणलेल्या दिसल्या, मग सिमेंटचे खांब, मग एकदम सोसायट्या. त्यांची नावं अशी की याकूब चाचांच्या बायकोच्या, आमच्या चाचींच्या, तोंडात बसेनात. नव्वदच्या दशकात देशाचे दरवाजे उघडले म्हणतात. आमच्याकडे ते कंपाउंडच्या समोरच उघडले. पुणे, मुंबई, केरळ, गोवा, चेन्नई, कुठून कुठून माणसं आली. त्यांतली ख्रिस्ती कुटुंबं चर्च शोधत आमच्या गेटशी गाड्या लावू लागली. त्यांना इंग्रजी उपासना हवी होती. मी ती सुरू केली, नऊ वाजताची. हिंदी उपासना नऊची होती ती साडेसातला गेली. “जवळच तर राहता तुम्ही,” असं मी वस्तीला सांगितलं, आणि ते लोक आले साडेसातला. रात्रपाळीची झाडलोट आटोपून, अंघोळ करून यायचे. पेंगायचे.

काही गिऱ्हाइकं निराळीच होती. (हा शब्द पाळकाने वापरू नये, पण दुसरा सुचत नाही.) एकदा एका सोसायटीतलं जोडपं आलं. नवरा टाय लावून, बायको हातात फाइल घेऊन.

“फादर, बस एक सर्टिफिकेट चाहिए. बेबी के बॅप्टिझम का.”

मी म्हटलं, मी फादर नाही, आत माझी बायको पोळ्या लाटते आहे. बाप्तिस्मा करायचा तर आधी तुम्हाला विश्वासाबद्दल शिकावं लागेल.

“कितने दिन का कोर्स है?” नवऱ्याने विचारलं.

त्यांना एका नामांकित मिशनरी शाळेत प्रवेश हवा होता. तिथे ख्रिस्ती मुलांना जागा राखीव असतात, असं त्यांनी कुठूनसं ऐकलं होतं. ते हिंदू होते आणि हिंदूच राहणार होते, फक्त कागदावर ख्रिस्ती व्हायचं होतं. मी नाही म्हटलं तर बाई म्हणाल्या, “अंकल, इसमें किसी का क्या जाता है?” अशी तीन-चार जोडपी तरी येऊन गेली. मी दर वेळी ती गोष्ट रंगवून सांगायचो आणि लोक पोट धरून हसायचे. भिंतीपलीकडच्या लोकांना कागदावर ख्रिस्ती दिसायचं नव्हतं, हे मला तेव्हा या गोष्टीशेजारी ठेवून बघता आलं नाही.

नव्या लोकांत शैलेश होता. आपल्याच नगरकडचा मराठी ख्रिस्ती, पुण्यात शिकून इथल्या सॉफ्टवेअर कंपनीत आलेला. भेटला की म्हणायचा, “काका, बिल्कुल टेन्शन घेऊ नका, मी आहे ना.” आणि तो खरंच असायचा. पंखे बसवायला, माइक आणायला, म्हाताऱ्यांना डॉक्टरकडे न्यायला. चर्चच्या इमारतीची शंभरी आली तेव्हा त्यानेच सुचवलं की स्मरणिका काढू आणि तिच्यात सगळ्या सभासदांची सूची देऊ. नवे लोक जुन्यांना ओळखत नाहीत, जुने नव्यांना. सूची झाली तर एक कुटुंब असल्यासारखं वाटेल.

कल्पना मला फार आवडली. शैलेशने कॉम्प्युटरवर तक्ता केला आणि मला रकाने विचारले. नाव, बाप्तिस्म्याचं वर्ष, पत्ता, कामाचं ठिकाण. मग तो म्हणाला, “काका, एक प्रॉब्लेम आहे. मी परवा दाऊद अंकलना औषध द्यायला गेलो तर गल्लीत कुणाला दाऊद माहीतच नाही. सगळे सुभाष म्हणतात. एक कॉलम ‘प्रचलित नाव’ असा टाकू या का?”

मी टाकू या म्हटलं. तो रकाना दुसऱ्या कुणाला भरता आला नसता. मी दोन संध्याकाळी टेबलाशी बसून, एकदाही वस्तीत जाऊन न विचारता, सगळी नावं नावांसमोर लिहिली. लिहिताना मला जो आनंद झाला तो मला आजही आठवतो. आजवरच्या कुठल्याही पाळकाला हे जमलं नव्हतं, असं वाटत होतं.

याकूब चाचा एकदा आत डोकावले. कागदांकडे बघून म्हणाले, “पादरी साहब, ये सब छापना ज़रूरी है?”

मी म्हटलं, “चाचा, सौ साल का इतिहास है. आपके बच्चों का नाम किताब में आएगा.”

ते दारात थोडे थांबले. त्यांना धड वाचता येत नव्हतं आणि मी वाचून दाखवलं नाही. “आप पढ़े-लिखे हैं, सोच के ही कर रहे होंगे,” म्हणून ते गेले.

स्मरणिका देखणी झाली. मुखपृष्ठावर चर्च, आत बिशपांचा संदेश आणि माझा फोटो. बाजारातल्या हलवायाने, तंबूवाल्याने, कोचिंग क्लासवाल्याने जाहिराती दिल्या होत्या, म्हणून त्यांनाही एकेक प्रत गेली. प्रकाशनाच्या दिवशी मार्थाने ढोलक वाजवलं, नव्या पोरांनी गिटार. दोन्ही उपासना एकत्र झाल्या. मी व्यासपीठावरून पाहत होतो आणि मला वाटलं, आपण हे केलं.

तीन-चार महिन्यांनी याकूब चाचा भरदुपारी आले. एरवी ते बाहेरूनच हाक मारायचे. त्या दिवशी आत आले, खुर्चीवर न बसता जमिनीवर बसले. मी हात धरून उठवायला गेलो तर उठेनात. मार्थाच्या विरुद्ध शिक्षण खात्याकडे तक्रार गेली होती. तिच्यानंतर ज्या उमेदवाराचा नंबर होता त्याच्या घरच्यांनी केली होती. अर्जाला आमच्या स्मरणिकेच्या एका पानाची झेरॉक्स जोडलेली. ओळ अधोरेखित. मार्था, याकूब यांची कन्या, बाप्तिस्म्याचं वर्ष, प्रचलित नाव कमलेश, व्यवसाय शिक्षिका, शाळेचं नाव. शंकेला जागाच ठेवली नव्हती मी.

“छोरी की नौकरी जाएगी,” चाचा म्हणाले. “केस भी होगा. आप कह दीजिए छापने में गलती हुई.”

मी विचार करतो म्हणालो. इतकंच म्हणालो. ते गेल्यावर सुशीला स्वयंपाकघरातून बाहेर आली आणि माझ्यावर जन्मात भडकली नव्हती तशी भडकली. “विचार कसला करताय? तुमची छाती फुगली होती म्हणून छापलंत. आता सत्य आठवलं का?” तिच्या हातची पोरगी होती ती.

चौकशीला एक अधिकारी आले. उगाच वाईट माणूस रंगवायचा म्हणून नाही सांगत, गृहस्थ सभ्य होते. चहा घेतला, चर्चच्या कमानी बघितल्या. मग फाइल उघडली. पान माझ्याकडे सरकवून म्हणाले, “ये आपने छापा है?”

“हो,” मी म्हटलं, “पण दोन वेगवेगळ्या बायकांची नावं चुकून एका ओळीत आली. नजरचूक.”

मी पाळक म्हणून उच्चारलेलं हे पहिलं धडधडीत खोटं. ते इतकं सहज निघालं की मलाच दचकायला झालं.

त्यांनी माझ्याकडे पाहिलं. मला वाटतं त्यांना सगळं कळलं होतं. “पादरी जी, मैं भी बाल-बच्चों वाला आदमी हूँ,” ते म्हणाले. “मुझे बस लिखित चाहिए. आपके मेंबरों का जो रजिस्टर है, उसमें इस बाप की इस नाम की कोई लड़की है या नहीं. आठ दिन में दे दीजिए.”

आठ दिवस त्यांनी स्वतःहून दिले. त्याचा अर्थ मला समजला. सभासदांच्या वहीत आज ते नाव होतं. आठ दिवसांनी ते नसेल, तर मी लिहून देणार तो कागद खरा ठरणार होता.

वहीतून नाव काढायचे आमच्याकडे मोजके रस्ते आहेत. माणूस वारला तर. दुसऱ्या चर्चला बदलीपत्र घेऊन गेला तर. त्याने स्वतः लेखी मागणी केली तर. किंवा वर्षानुवर्षं ठावठिकाणाच लागला नाही तर. मी तिसरा रस्ता धरला आणि संध्याकाळी वस्तीत गेलो.

मार्था शाळेच्या वह्या तपासत बसली होती. चाची चुलीशी. मी काय सांगायला आलोय ते तिला ठाऊक होतं. रडली नाही, मला बोलली नाही. कोरा कागद घेतला आणि म्हणाली, “क्या लिखना है, बोलिए. टीचर हूँ, डिक्टेशन ले लूँगी.”

मी सांगत गेलो आणि ती लिहीत गेली. ‘मी माझ्या स्वेच्छेने विनंती करते की सभासदांच्या वहीतून माझं नाव कमी करण्यात यावं.’ अक्षर सुंदर होतं, सुशीलानेच घोटून घेतलेलं. सहीपाशी येऊन तिचा हात थांबला.

“कौन से नाम से करूँ?”

 कमलेश अशी सही केली तर कमलेश आमची सभासद होती याचा तो लेखी पुरावा. मार्था अशी केली तर अक्षर शाळेच्या प्रत्येक मस्टरवर होतंच, जुळवायला वेळ लागला नसता. मी हे तिला सांगितलं. मग तिने त्या कागदाचे शांतपणे चार तुकडे केले आणि चुलीत टाकायला आईकडे दिले. “आप कोई और रास्ता देखिए,” म्हणाली आणि परत वह्यांकडे वळली.

राहिला चौथा रस्ता, ठावठिकाणा नसल्याचा. त्याला मंडळीच्या समितीची मंजुरी लागते. मी बैठक बोलावली. समितीत आता निम्मे नवे लोक होते. मी यादी वाचली. परदेशी गेलेली दोन-तीन कुटुंबं, जी खरोखरच सापडत नव्हती, आणि त्यांच्यामध्ये एक नाव, मार्था याकूब. ठावठिकाणा नाही. शैलेशने मान खाली घातली. तक्रारीची गोष्ट त्याला कळली होती, त्या दिवसापासून तो बेचैन होता.

एक निवृत्त बँक मॅनेजर होते, नुकतेच चेन्नईहून आलेले, अतिशय काटेकोर. त्यांनी चष्मा वर केला आणि मोडक्या हिंदीत विचारलं, “ये मार्था को किसी ने ढूँढा? ऐसे कैसे काट देंगे? चिट्ठी भेजा?”

 खिडकीतून वस्तीची छपरं दिसत होती. दुसऱ्या गल्लीत, तिसरं घर. मी काहीतरी बोलायला तोंड उघडलं, तेवढ्यात याकूब चाचा उभे राहिले. समितीत ते सगळ्यांत जुने.

“बहुत ढूँढा साहब,” ते म्हणाले. “नहीं मिली.”

मग मंजुरीसाठी हात वर करायला सांगितलं तेव्हा पहिला हात त्यांचा वर गेला. मॅनेजर साहेबांनीही केला. मी त्या रात्री जेवलो नाही, हे सांगून काही उपयोग नाही, पण जेवलो नाही.

मी लेखी दिलं, तक्रार निकालात निघाली, मार्थाची नोकरी वाचली. इथवर सांगितलं की ऐकणारे सुटकेचा श्वास टाकतात. सुटका कसली? सभासद नाही ती बाई दर रविवारी ढोलक वाजवताना दिसली असती तर पुन्हा अर्ज गेला असता. ती यायची बंद झाली. तिचं लग्न झालं ते वस्तीच्या चौकात, भटजी बोलावून. मला पत्रिका आली, मी गेलो, कोपऱ्यात बसून जेवलो. ती पाया पडायला वाकली, मी डोक्यावर हात ठेवला आणि आशीर्वादाचे शब्द तोंडातल्या तोंडात म्हटले, कुणाला ऐकू जाऊ नये म्हणून. घर तिने वस्तीतच केलं, आईबापांच्या शेजारी. रविवारी साडेसातची गाणी तिच्या अंगणात ऐकू जात. एकदा सुशीला सकाळी तिच्याकडे गेली होती, ती सांगत आली की गाणं सुरू झाल्यावर मार्थाने रेडिओ मोठा केला.

आणि ती एकटी नव्हती. स्मरणिकेत वस्तीतल्या प्रत्येक घराच्या ओळी होत्या. कुणाचा मुलगा पोलिसात जाणार होता, कुणाच्या सुनेला अंगणवाडी मिळणार होती. एकेक जण दुपारचा येऊन बसायचा, पाणी प्यायचा आणि म्हणायचा, “पादरी साहब, हमारा भी...” मी वही काढायचो. सही कुणाकडूनच घेता येत नव्हती. दोन वर्षांत आमच्या भिंतीपलीकडची निम्मी वस्ती आमच्या वहीत बेपत्ता झाली. शैलेश बाजारात फिरून स्मरणिकेच्या प्रती गोळा करत होता. हलवायाची मिळाली, तंबूवाल्याची मिळाली. कितीशा मिळणार? पुढे त्याची बंगळुरूला बदली झाली. जाताना माझ्या गळ्यात पडून रडला. मी त्याला म्हटलं, तू रकाना आखलास, भरला मी.

साडेसातची हिंदी उपासना शेवटी बंद करावी लागली. नऊची मात्र भरून वाहू लागली, बाहेर मांडव घालावा लागला, मग मागे नवा हॉल बांधला. वार्षिक सभेत मी अहवाल वाचला तेव्हा बिशपांनी सगळ्यांसमोर माझं कौतुक केलं. उसाच्या शेतात मंडळी कशी वाढवावी ते या भावाकडून शिका, म्हणाले. टाळ्या झाल्या. मी खाली येऊन बसलो तर शेजारचा तरुण पाळक वही पुढे करून म्हणाला, “सर, काही टिप्स द्या ना.” कौतुक झाल्यामुळे मला त्याच गावी ठेवलं, एकदा आणि पुन्हा एकदा. बदली मागायची आमच्यात पद्धत नाही. मी मनातल्या मनात मागत होतो.

माझ्या निवृत्तीच्या वर्षी याकूब चाचा गेले. ते स्वतः शेवटपर्यंत वहीत होते. पेन्शनीतल्या माणसाला भीती कसली, म्हणायचे. त्यांनी सांगून ठेवलं होतं, मला गेटच्या आतच पुरा. सकाळी मार्थाचा नवरा निरोप घेऊन आला. “कमलेश ने कहा है, उसका नाम मत पढ़िएगा. स्कूल के लोग आएँगे, वो बस इतना जानते हैं कि बाप ईसाई थे.” ती तेव्हा मुख्याध्यापिका व्हायची होती, यादीत नाव लागलेलं.

आमच्या दफनविधीत पाळक मृताचा अल्पसा जीवनपट वाचतो आणि शेवटी त्याच्यामागे कोण कोण आहे त्यांची नावं घेतो. ज्याचं नाव येतं तो पुढे होऊन मूठभर माती टाकतो. कबरस्तानात गर्दी होती. नगरपालिकेतले जुने सोबती, सोसायटीतले लोक आणि मागे भिंतीशी शाळेचा स्टाफ, हातात हार घेऊन. त्यांच्यातच डोक्यावर पदर घेऊन मार्था उभी होती, जणू या विधीशी तिचा काही संबंध नव्हता. चाचींना दोघांनी धरून पुढे आणलं होतं. गेल्या दोन-तीन वर्षांत त्यांची आठवण पार विस्कटली होती. घरात काय ठरलंय ते त्यांना समजावण्याच्या पलीकडे गेलं होतं.

मी जीवनपट वाचला. शेवटी आलो. पश्चात पत्नी, असं म्हणून चाचींचं नाव घेतलं. त्यांनी माती टाकली. थोरल्याचं नाव घेतलं, त्याने टाकली. धाकट्याचं घेतलं, त्याने टाकली. मग मी कागदाची घडी घातली.

चाची तिथेच उभ्या. हात मातीने भरलेला. माझ्याकडे बघत होत्या.

“पादरी साहब,” त्या मोठ्याने म्हणाल्या, “एक रह गई.”

 मुलगा कानाशी लागून काहीतरी सांगू लागला, तर त्यांनी त्याला दूर ढकललं. “हमारी मार्था रह गई. उसको बुलाओ.”

मी मान वर केली नाही. वर केली असती तर भिंतीकडे पाहिलं गेलं असतं, आणि मी जिकडे पाहिलं असतं तिकडे सगळ्यांनी पाहिलं असतं. मी गीताचं पुस्तक उघडलं आणि पुढच्या गीताचा नंबर सांगितला.